एक बोट सैल

दांडिया बाजारात माझं दुकान. पाटी नाही.
ब्लाउजवाल्या हेमांगीबेन कुठे, असं विचारा,
खमणवाला हातातला झारा वर करून
जिना दाखवील.

सव्वीस वर्षं मापं घेतेय.
वहीत पानापानावर बायका,
छाती अडतीस, कंबर चौतीस, मुंढा सोळा,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं, माझ्यापुरतं:
डावा खांदा उतरता.
पुढच्या वर्षी वाढेल.
हिला काही विचारू नये.
माझं पान त्या वहीत नाही.

परवा मशीनवरून मी उठले
आणि पाठ तिथेच बसून राहिली.
म्हणून गेले रावपुऱ्यात, बँकेच्या वर,
चपला हातात घेऊन जिममध्ये शिरले
देवळात शिरावं तशी.

केयूर नाव त्याचं. तेविशीतला.
दंड असे, की मनातल्या मनात
मी त्याच्या बाहीची शिवण उसवली.
म्हणाला, बेन, काय हवंय? वजन कमी, का शेप?
शेप!
अरे, तोच तर मी विकते,
टक्स घालून, अस्तर लावून,
नाही ते आहे असं दाखवून.
म्हटलं, या खेपेला कापडात नको.

त्यानं दोन कागद पुढे केले.
एक पाच दिवसांचा:
सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय,
माणूस बेतून, कापून, वारांना वाटलेला.
दुसरा तीन दिवसांचा, दर वेळी सगळं अंग, थोडं थोडं.
मी तीनाचा घेतला.
नवरात्र दीड महिन्यावर, पाच दिवस मला देणार कोण,
आणि तुकडे जोडायचं काम
दिवसभर असतंच.

मंगळ, गुरू, शनी. सकाळी सहा.
खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर,
अडीच-अडीच किलोचे दोन डंबेल.
हंडा याहून जड होता की,
तरी दहाव्याला हात लटलटले.
हंड्याच्या वेळी कुणी मोजत नव्हतं.

आहाराचा कागद मात्र परगावचा.
ब्रोकोली, ओट्स, सहा अंड्यांचं नुसतं पांढरं.
खंडेराव मार्केटात ब्रोकोली विचारली
तर भाजीवालीनं हसून पिशवीत गवार ओतली.
मी कागद उलटा केला. पाठीमागे लिहिलं:
भिजवलेले मूग, वाटीभर.
दही घरचं. ताक दोनदा.
वरणातला गूळ बंद.
बंद खोडून, निम्मा.
सेव-उसळ रविवारी, आणि पाव एकच.
अंडी आमच्या इमारतीत चालत नाहीत.
स्टेशनाकडच्या लारीवर दोन उकडलेली खाल्ली,
मीठ-मिरी लावून, उभ्यानं, पदर पुढे घेऊन,
सत्तेचाळिसाव्या वर्षी चोरी.
बरी लागली.

मग केयूरनं टेप काढला.
उलटा धरलेला, आणि आवळला असा
की पोतं बांधतोय.
थांब, म्हटलं, आत एक बोट घाल.
माणूस श्वास घेतो.
त्यानं घातलं. कान लाल झाले पोराचे.
कंबर सदतीस. दंड साडेबारा.
घरी येऊन वहीत नवं पान काढलं,
गिऱ्हाइकाचं लिहिते तसं माझं नाव, आडनावासकट.
कोपऱ्यात काय लिहावं
सुचलं नाही.

तीन आठवडे झाले. कंबर पाव इंच.
जगाला काय त्याचं,
पण पाव इंच म्हणजे एक टीप आत.
पाठ आता माझ्याबरोबरच उठते,
एखाद्या दिवशी आधीसुद्धा.

काल माझाच जुना ब्लाउज
आत घ्यायला काढला.
शिवण उसवली तर दोन्ही बाजूंना
अर्धा अर्धा इंच माया निघाली,
केव्हाची, रंग न उतरलेली,
मीच ठेवलेली माझ्यासाठी
आणि विसरलेली.
कात्री हातात होती.
नाही कापली.
आत दुमडली, वरून टीप मारली,
दिवा मालवला,
पाचचा गजर लावला.